आमच्या घरची फोडणी

खारकोंड, ता. पनवेल
१० मार्च १९९१

ती. सौ. मैनाताईस,
कमळाकरचा नमस्कार. तुझं पत्र शिमग्याच्या आधी मिळालं. उत्तराला उशीर झाला, कारण गाव बंद आहे. पोस्टमन आत येत नाही, फाट्यावरच्या चहावाल्याकडे टपाल ठेवून जातो. आपलं पत्रही तिथंच नेऊन द्यावं लागतं. हे मी आधी कच्चं लिहिलं आणि मग उतरवून काढलं, काही राहून जायला नको म्हणून.

गावात बाया आल्या आहेत. आधी तळ्याकडच्या आळीत दोन पोरांना निघाल्या, आणि तिथून पसरल्या. दवाखान्याच्या नर्सबाई चंद्रावती येऊन बघून गेल्या. त्या म्हणाल्या, हा गोवर आहे, एकाचा दुसऱ्याला लागतो. हिराजीबाबा म्हणाले, ‘तुमी गोवर बोला, आमी बाया बोलू. पोरांना घरान ठेवाचं हे तर एकच हाय नं?’ नर्सबाई हसल्या. ‘एकच आहे,’ म्हणाल्या.

आपल्या लहानपणी ज्याच्या घरी बाया येत त्याच्यापुरतंच पाळायचं असे. या वेळी हिराजीबाबांनी गावकी बोलावून सगळ्या गावाला नियम घातला. ज्या घरी बाया आहेत तिथं दारावर लिंबाचा डहाळा लावायचा आणि फोडणी द्यायची नाही, तळायचं नाही. ते तू जाणतेस. पण बाकीच्यांनीही बाजाराला जायचं नाही, कामाला जायचं नाही, पाहुणा घ्यायचा नाही. दादा तेवढा उरणला बंदरावरच राहिला आहे. सगळ्या घरच्या बाया उतरल्या की एकाच दिवशी सगळ्यांनी लिंबाच्या पाण्यानं न्हायचं, वेशीवर देवीची बोळवण करायची आणि मग गाव सोडायचं, म्हणजे बंदी उठवायची.

रोज संध्याकाळी आळ्या फिरून कुठं नवा डहाळा लागला ते देवळात सांगायचं काम मला दिलं आहे. मी नववीपर्यंत शिकलो आणि प्रेसमध्ये अक्षरांचे खिळे जुळवतो, म्हणून माझ्या हातून चूक होणार नाही असं त्यांना वाटतं. खरं तर डहाळा बघायचीही गरज पडत नाही. संध्याकाळी कुठल्या घरातून लसणीचा वास येतो आणि कुठल्या घरातून नाही, एवढ्यावरून कळतं.

आपल्या घरी सगळे बरे आहेत. आय, मालूवैनी, दादाची जनी. जनी सारखी विचारते, मैनाआत्या बाळाला कधी आणणार.

प्रणितच्या जावळाचं तू लिहिलंस. तुझ्या सासूबाई म्हणतात की पाडव्याला इथं झालं नाही, तर चिरनेरला त्यांच्या देवीपुढं उरकतील, आणि मांडीवर घ्यायला भावोजींच्या मावसभावाला बसवतील. हे ऐकून आय दोन वेळ जेवली नाही. तिचं म्हणणं, सख्खा मामा जिवंत असताना पोरगा दुसऱ्याच्या मांडीवर कसा बसेल. पण ताई, गाव सुटल्याशिवाय येऊ नकोस. मी कळवीन तेव्हाच ये.

प्रेसच्या सुनंदाबाईंचाही निरोप आला. लग्नपत्रिकांचे दिवस आहेत. पाडव्यापर्यंत वाट बघतील, नंतर दुसरा मुलगा ठेवतील. रागानं नाही म्हणाल्या. त्यांचंही बरोबर आहे.

तुझा भाऊ
कमळाकर

खारकोंड
१२ मार्च १९९१

ती. सौ. मैनाताईस,
नमस्कार. हे पत्र घाईनं लिहितो आहे. पाडव्याच्या आत तुला मिळायला हवं.

आज सकाळी देवळात बैठक झाली. गाव कधी सोडायचं एवढाच विषय, पण दुपार झाली. वेणूकाकी सगळ्यांच्या पुढं. म्हणाली, ‘भाजी वाफ्यान पिवली पराली. पनवेलच्या बाजारान माज्या जागंवर दुसरी बसली हाय. तिला उठवाला हिराजीबाबा येनार का?’ कुणीतरी मागून म्हणालं, ‘काकी, तुज्या जागंवर दोघी मावतील.’ काकी म्हणाली, ‘तुजी आय आली तर एकली पन मावाची नाय.’ सगळे हसले. बऱ्याच दिवसांनी देवळात हसणं ऐकलं.

हिराजीबाबांचं मत पडलं की पाडव्याला न्हावं आणि मोकळं व्हावं. नर्सबाईंना ते पटलं नाही. ‘पाडवा पंचांगात आहे. गोवर पंचांग बघत नाही. शेवटच्या मुलाला पुरळ आल्यावर दोन आठवडे थांबा,’ म्हणाल्या. ‘बाई, दोन हप्ते गावानं खावाचं काय?’ असं बाबांनी विचारलं, तेव्हा त्यांनी हट्ट सोडला. मग म्हणाल्या, ‘निदान एवढं तरी बघा. ताप आणि खोकला असलेलं एकही मूल गावात नको. पुरळ मागून येतं. लागण त्याच्या आधीच सुरू झालेली असते.’

वेणूकाकी म्हणाली, ‘आता याच्या पुरं ज्याच्या घरान निंगल, त्यानं आख्खा गाव पोसावा.’ हे ती थट्टेनं म्हणाली की नाही, मला समजलं नाही.

मग बाबांनी मला उभं केलं. ‘कमळाकर, घरा तू फिरतंस. सांग.’ मी सांगितलं, डहाळा लागलेलं नवं घर एकही नाही. ताई, हे अगदी खरं आहे. मी प्रत्येक शब्द मोजून बोललो. त्यावर पाडव्याचं ठरलं.

तेव्हा तू रविवारी सकाळच्या एस.टी.नं ये. जावळ देवळातच उरकू. तू देवळातूनच दुपारच्या गाडीनं परत गेलीस तर फार बरं होईल. घरी यायचा आग्रह धरू नकोस. मनाला लावून घेऊ नकोस, तशी काही गोष्ट नाही. ऊन फार आहे आणि घरात अडचण आहे, म्हणून म्हणतो.

जनीला किंचित कसर आहे. दिवसभर उन्हात असते. आयनं संध्याकाळी सुके बोंबील लसणीवर परतले. वास आळीच्या टोकापर्यंत गेला असेल.

तुझा
कमळाकर

खारकोंड
२३ मार्च १९९१

ती. सौ. मैनाताईस,
नमस्कार. तुम्ही सुखरूप पोचलात ना? पोचल्याचं पत्र आलं नाही म्हणून विचारतो.

जावळ चांगलं झालं. प्रणित माझ्या मांडीवर इतका शांत बसला की न्हावी म्हणाला, हा मोठेपणी साहेब होणार. तू देवळातून घरी आलीस आणि दुपारी थांबलीस, त्याचा आयला किती आनंद झाला ते तू पाहिलंसच. मी तुला गाडीची घाई करत होतो, त्यावर तू म्हणालीस, ‘मना काय हाकलतंस रं?’ तसं नव्हतं.

मी प्रेसला जाऊ लागलो. काम डोंगराएवढं साचलं आहे. परवा एका पत्रिकेत वराच्या नावाच्या जागी मी ‘चि. प्रणित’ असं जुळवून ठेवलं. सुनंदाबाईंनी कच्च्या प्रतीवर पकडलं. माझ्या हातून असं आजवर झालेलं नाही. त्या म्हणाल्या, ‘भाच्याचं लग्न आत्ताच लावतोस का?’ मी हसलो.

जनी आता उठून बसते. घामोळं वाळलं. अंगाची सालपटं निघतात.

ताई, प्रणितला सर्दी वगैरे नाही ना? डोळे लाल दिसतात का? रात्री खोकतो का? सहज विचारतो, उन्हाळा बाधतो म्हणून. त्याला फार कुणाकडे नेऊ नकोस. काही वाटलं तर लगेच दवाखान्यात दाखव, घरचं काही करत बसू नकोस. आणि पत्राचं उत्तर दे. एका ओळीचं चालेल.

नर्सबाई वाटेत भेटल्या होत्या. तुमच्या घरी कुणाला ताप येऊन गेला का, असं विचारत होत्या. मी म्हटलं, मला प्रेसला उशीर होतो आहे.

तुझा
कमळाकर

खारकोंड
२ एप्रिल १९९१

ताई,
काल बाजारात वेणूकाकीला चिरनेरकडची बाई भेटली. तिच्याकडून कळलं की प्रणितला बाया आल्या आहेत आणि तुमचंही गाव बंद केलं आहे. काकीनं ते मला प्रेसच्या दारात येऊन सांगितलं. मी हातातला खिळा तसाच धरून उभा राहिलो.

तुला आता कळलंच असेल, तरी मी लिहिलं पाहिजे. जनीला घामोळं नव्हतं. तिला बाया होत्या.

बैठकीच्या आदल्या संध्याकाळपासून तिला ताप होता, खोकला होता, डोळ्यांना पाणी होतं. तापाबद्दल नर्सबाई बोलल्या तेव्हा मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो होतो. दोन दिवसांनी अंग भरलं. मालूवैनीनं तिला मागच्या खोलीत ठेवलं आणि खिडकीला गोधडी लावली. दारावर डहाळा लावला नाही. आणि आयनं फोडणी बंद केली नाही. रोज संध्याकाळी कढईत लसूण पडत होती, म्हणजे आळीला वास जाईल आणि कुणाला शंका येणार नाही.

आयला ते सोपं गेलं नाही. बाया घरात असताना तेल तापवायचं म्हणजे तिच्या दृष्टीनं केवढं पाप, तुला माहीत आहे. लसूण टाकायच्या आधी ती मागच्या खोलीकडं तोंड करून हात जोडायची.

पाडव्याला तू घरी आलीस. उंबऱ्यातच थांबून म्हणालीस, ‘आय, काय मस्त वास येतंय गं.’ तुझी पोराला घेऊन आत यायची तयारी त्या वासावर झाली, हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं. मग तू मागच्या खोलीत गेलीस. जनीला जवळ घेतलंस. प्रणितला तिच्या गोधडीवर निजवलंस. तिचा हात उजेडाकडे नेऊन बघितलास आणि मला विचारलंस, ‘काय रं, घामोलाच नं?’

मी हो म्हटलं.

त्या वेळी मी नाही म्हटलं असतं, तरी पोरगा खोलीत जाऊन पोचलाच होता असं मी नंतर पुष्कळदा स्वतःला सांगितलं. नर्सबाईंना आज विचारलं. त्या म्हणाल्या, किती वेळ जवळ होता यावरही असतं. तो दुपारभर तिथं झोपला होता.

नर्सबाईंनी प्रणितसाठी एक लाल औषध दिलं आहे. डोळ्यांसाठी फार जरुरीचं आहे म्हणतात. बाया असताना औषध देत नाहीत हे मला माहीत आहे. तरी दे. मी शनिवारी घेऊन येतो.

कमळाकर

खारकोंड
८ एप्रिल १९९१

ताई,
शनिवारी तुमच्या वेशीवर काय झालं ते भावोजींनी तुला कसं सांगितलं, मला माहीत नाही. म्हणून मी लिहितो. हे पत्र नर्सबाई स्वतः आत आणून देणार आहेत. त्यांना कुणी अडवत नाही.

आधी इकडचं सांगतो. शुक्रवारी मी देवळात उभा राहिलो. पाडव्यानंतर खारकोंडात आणखी तीन घरी बाया निघाल्या होत्या. त्यांनीही डहाळे लावले नव्हते. वास घेत मी फिरत होतो, आणि सगळ्याच घरांतून वास येत होता. आमचं बघून लोक शिकले की त्यांना आपोआप सुचलं, कोण जाणे. मी सांगितलं की आमच्या घरी पाडव्याच्या आधीपासून बाया होत्या, आणि फोडणी दिली जात होती.

हिराजीबाबा माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मग म्हणाले, ‘तुना उभा करून इचारला व्हता.’  डहाळ्याचं विचारलं होतं की तापाचं, हे मनात आलं होतं. ते बोललो असतो, तर त्यांनी मला देवळातून बाहेर काढलं असतं आणि ते बरोबरच झालं असतं. वेणूकाकी म्हणाली, ‘म्हातारीनं देवीच्या तोंडावर त्याल वतला.’ मी तेव्हाही गप्प होतो. गाव पुन्हा बंद झालं. काकीची बाजारातली जागा पुन्हा गेली. शनिवारी तुझ्याकडे यायला नर्सबाईंनी बाबांकडून मला तेवढी परवानगी काढून दिली.

तुमच्या वेशीवर भावोजी आणि चार माणसं होती. भावोजींनी औषधाची बाटली घेतली नाही. ‘तुमच्या गावानं आमाला काय दिलंय ते बास झालं,’ म्हणाले. मग मला कळलं की प्रणितचा डावा डोळा उघडत नाही, आणि उजव्यावरही पांढरट आलं आहे. पनवेलला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यावं असं तुझ्या मनात आहे, पण न्हाण झाल्याशिवाय पोराला वेशीबाहेर काढू देत नाहीत. न्हाण रविवारी करायचं की पुढच्या रविवारी, यावर तिथं वाद चालला होता. एक म्हातारे म्हणाले, ‘देवी यांच्या गावातून आली. यांच्याकडे ती अजून बसली असेल, तर आपण बोळवून कुठं पाठवायची?’ आणि मला विचारलं, ‘खरं बोल. तुमच्याकडे संपलं का?’

ताई, मी संपलं म्हटलं असतं तर तुमचं गाव काल मोकळं झालं असतं आणि आज तू डॉक्टरांकडे असतीस. मला ते दिसत होतं. पण तुमच्या आळीतली बाकीची पोरंही दिसत होती. मी म्हटलं, नाही संपलं, तीन घरी आहेत.

त्यांनी न्हाण पुढं ढकललं. ‘मैनेला सांगतो, भाऊ तुझ्यासाठी काय करून गेला ते,’ असं म्हणून भावोजी वळले.

म्हणून आता मी तुला सांगतो ते नीट ऐक. गाव कधी सोडायचं ते गावाला ठरवू दे. तुमच्या गावानं आत्ता सोडू नये, हेच बरोबर आहे. पण प्रणितला घेऊन तू एकटीनं निघ. मी नर्सबाईंना विचारलं. त्याचं पुरळ वाळलं आहे, आता त्याच्यापासून कुणाला लागण होणार नाही. डोळा मात्र थांबणार नाही. उद्यापासून रोज सकाळी मी तुमच्या फाट्यावर रिक्षा घेऊन उभा असेन. हिराजीबाबांना सांगितलं आहे. ते म्हणाले, ‘जा, पन परत गावान शिरू नको.’ तू यायला निघालीस की तुला कुणी हात लावून अडवणार नाही. फक्त बोलतील. बोलू देत.

तुला आपल्या घरी यायला नको. नवीन पनवेलला नर्सबाईंची खोली आहे, तिथं तू राहायचं असं ठरलं आहे. मी आत पाऊल टाकणार नाही.

आयचं तोंड पुन्हा बघणार नाही, असं तू भावोजींजवळ म्हणालीस. ते त्यांनी मला सगळ्यांसमोर सांगितलं. मी आयला सांगितलं नाही, पण तिला कुठून तरी कळलं. 

कमळाकर

नवीन पनवेल
१७ एप्रिल १९९१

ताई,
तू राहतेस त्या खोलीपासून मी दोन इमारती पलीकडे आहे. नर्सबाईंच्या ओळखीच्या एका शिपायाकडे झोपतो. तरी पत्रच लिहितो आहे. समोर आलो तर तू दार लावून घेतेस, आणि मला जे सांगायचं आहे ते मी तोंडानं नीट सांगू शकणार नाही.

डॉक्टरांनी तुला सांगितलंच आहे. उजवा डोळा राहील. डाव्यानं त्याला उजेड-अंधार कळेल, बाकी दिसणार नाही. आठवडाभर आधी आणलं असतं तर, एवढंच ते म्हणाले. मी दाराबाहेर उभा होतो. मला ऐकू आलं.

तू पोराला पदराखाली घेऊन फाट्यावर आलीस तेव्हा तुमच्या गावची माणसं मागे उभी होती. कर्नाळ्याच्या डोंगराकडं बघत तू सगळी वाट बसून होतीस. रिक्षात माझ्याशी एकच वाक्य बोललीस. म्हणालीस, ‘आयला कसं रं सुचलं, फोडणी देवाचं?’

मी उत्तर दिलं नाही. आठ दिवस झाले. या आठ दिवसांत आय रोज खारकोंडहून चालत हमरस्त्यापर्यंत येते, तिथून मिळेल त्या गाडीनं इथं येते. नर्सबाईंच्या जिन्यात पेजेचा डबा ठेवून बसते. हिराजीबाबांनी तिला वेशीवर अडवलं नाही. नर्सबाई म्हणतात, तू आतून दार उघडत नाहीस. ती दुपारी डबा तसाच घेऊन परत जाते. मी तिला एकदा म्हटलं, आय, मी सांगतो तिला. ती म्हणाली, ‘नको. तुज्यावर राग धरल मंग. माहेरान कोनतरी रावाला पायजे तिचा.’

ताई, आयला सुचलं नव्हतं.

बैठकीच्या आदल्या संध्याकाळी जनीचे डोळे बघून आय परसात गेली आणि लिंबाचा डहाळा तोडून घेऊन आली. दारावर लावायला तिनं हात वर केला होता. मी तिच्या हातातून तो काढून घेतला आणि चुलीत घातला. तिला म्हटलं, नुसता ताप आहे. ती म्हणाली, ‘बाया हायत. मना कलतं.’ मग मी म्हटलं, डहाळा लागला तर गाव पाडव्याला सुटणार नाही, मैना येणार नाही, आणि तिचा पोरगा दुसऱ्याच्या मांडीवर बसेल. तुझं नाव घेतलं की ती ऐकते, हे मला माहीत होतं. फोडणी चालू ठेव, नाहीतर लोकांना कळेल, असंही मीच म्हटलं. कढई मी चुलीवर ठेवली. लसूण मी सोलून दिली. आळ्या फिरून फिरून मला एक गोष्ट पक्की कळली होती, की लोक डहाळ्यापेक्षा वासावर जास्त विश्वास ठेवतात. ते मी आपल्या घरात वापरलं.

आणि मनात तुझ्या पोराचं जावळ नव्हतं. मनात प्रेस होती. माझी जागा जाईल, दुसरा मुलगा येऊन माझ्या जागी खिळे जुळवेल, एवढंच होतं. नववी नापास माणसाला अशी जागा पुन्हा कोण देणार, असं मला सारखं वाटायचं. गाव दुसऱ्यांदा बंद झाल्यावर सुनंदाबाईंनी मुलगा ठेवला. चांगला आहे म्हणतात.

दोन तारखेच्या पत्रात मी सगळं लिहिलं असं तुला वाटलं असेल. मलाही लिहिताना तसंच वाटत होतं. ‘आयनं फोडणी बंद केली नाही’ हे वाक्य मी तीनदा खोडून तीनदा तसंच लिहिलं होतं. त्यात खोटं काही नव्हतं. मी असाच बोलतो, ताई. देवळातही असाच बोललो. तुमच्या वेशीवर मी खरं बोललो, त्याचं मला मनातून थोडं बरं वाटत होतं, हेही सांगून टाकतो. तिथं खरं बोलायला माझं काहीच जात नव्हतं. तुझं जात होतं.

हे मी आज सकाळी खारकोंडच्या वेशीवर जाऊन हिराजीबाबांना सांगितलं. आत शिरलो नाही. ते बाहेर आले, गावकीतले आणखी दोघे आले, वेणूकाकी आली. मी वाट बघत होतो की काकी आता शिव्या देईल. तिनं दिल्या नाहीत. म्हणाली, ‘तुजी आय येवरे दिस आमचं ऐकून घेत व्हती रं.’ आणि तोंड फिरवून गेली. बाबांनी विचारलं, गावातली तीन घरं आता उतरली आहेत, रविवारी न्हाण करावं का. मी म्हटलं, मला विचारू नका, नर्सबाईंना घेऊन प्रत्येक घरात जा आणि प्रत्येक पोराच्या कपाळाला हात लावून बघा.

उद्या सकाळी आय येईल. जिन्यात बसेल. तिच्यासाठी दार उघड, ताई. तिनं जे केलं ते मी करायला लावलं, आणि तिनं ते माझ्यासाठी नाही, तुझ्यासाठी केलं. प्रणितला तिच्याकडे दे. पाडव्यानंतर तिनं त्याला बघितलेलं नाही.

मी येणार नाही. माझ्यासाठी ते दार कधी उघडायचं, उघडायचं की नाही, हे तू ठरव. या वेळी मी मत देणार नाही.

कमळाकर